ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर स्टीफन्स

राणी एलिझाबेथच्या अमदानीत इंग्लंडात कॅथलिकांस मोकळेपणाने उपासना करता येत नसे. तेथून निघून रोमला येशूसंघात दाखल झालेले थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले व १६१९ मध्ये तेथेच वारले.

त्यांचे बहुतेक आयुष्य साष्टीत गेले. पोर्तुगीजांनी तेथील देवळे १५६७ साली पाडली होती. १५८३ साली कुंकळ्ळीच्या लोकांनी येशूसंघाचे पाच जण मारले. अशा भूमीत सुवार्ता सांगायची कशी? नव्या ख्रिस्ती लोकांच्या जुन्या पोथ्या गेल्या होत्या, हाती दुसरे काही आले नव्हते. फादरांनी कोकणीचे व्याकरण लिहिले, आणि मराठी इतकी आपलीशी केली की ओवीतच ख्रिस्तपुराण रचले. सुमारे अकरा हजार ओव्या! पहिल्या भागात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात प्रभूचे चरित्र. १६१६ साली राचोल येथे ते रोमन लिपीत छापले गेले.

स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. आपल्यातील काहींना हे खटकते. आम्हांस खटकत नाही. आपण रोज प्रार्थनेत म्हणतो तो स्वर्ग शब्द तरी कोठून आला? जुन्या देवांविषयी मात्र त्यांचे बोल कठोर आहेत, तेही लपवू नये.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांची बोलीच बंद करण्याचा हुकूम काढला. ग्रंथ हस्तलिखितांतून तगला, आणि १९०७ साली मंगळुरास पुन्हा छापला गेला.