विश्लेषण : विम्बल्डनमध्ये सामना जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला लीला राव कोण होत्या?

१९३४ मध्ये मुंबईच्या लीला राव यांनी पहिला सेट गमावूनही विम्बल्डनमधला सामना खेचून आणला. आज त्यांचे नाव स्पर्धा परीक्षेतल्या एका गुणाच्या प्रश्नापुरते उरले आहे. त्या प्रश्नामागचे आयुष्य काय होते?

जून संपत आला की विम्बल्डन सुरू होते. रायगडच्या किनाऱ्यावर तेव्हा पाऊस ठाण मांडून असतो. गेटवे ते मांडवा लाँचसेवा बंद असते आणि अलिबागकडे येणारा माणूस भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट धरतो. आपल्याकडे दुपारचे साडेतीन वाजले की लंडनमधल्या बाहेरच्या कोर्टांवर सामने सुरू होतात. तासाभराच्या त्या प्रवासात महिला एकेरीचा एखादा सेट मोबाइलवर सहज पाहून होतो. याच स्पर्धेत नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईची २२ वर्षांची मुलगी जिंकली होती, हे मात्र बहुतेकांच्या गावीही नसते.

१९३४ चा सामना कसा झाला?

लीला राव यांच्यासमोर पहिल्या फेरीत ब्रिटनच्या ग्लॅडिस साउथवेल होत्या. राव यांनी हा सामना ४-६, १०-८, ६-२ असा जिंकला. भारतीय महिलेने विम्बल्डनमध्ये मिळवलेला हा पहिला विजय. त्याआधी १९२९ मध्ये जेनी सँडिसन या भारतीय खेळाडू विम्बल्डनमध्ये उतरल्या होत्या. सामना जिंकण्याचा मान मात्र लीला राव यांच्याकडे जातो.

दुसऱ्या फेरीत त्यांची गाठ फ्रान्सकडून खेळणाऱ्या इडा अदामॉफ यांच्याशी पडली आणि तिथे त्या पराभूत झाल्या. त्या वर्षीचे महिला एकेरीचे विजेतेपद ब्रिटनच्या डोरोथी राउंड यांनी पटकावले, तर पुरुष एकेरीचे फ्रेड पेरी यांनी.

१०-८ या सेटला एवढे महत्त्व का?

आज सेटमध्ये ६-६ अशी बरोबरी झाली की टायब्रेक होतो. १९३४ मध्ये टायब्रेक नव्हता. विम्बल्डनमध्ये तो १९७१ मध्ये आला. त्याआधी दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट सुरूच राहायचा.

त्यामुळे नुसत्या स्कोअरवरूनही हा सामना बराचसा उलगडतो. महिलांचा सामना तीन सेटचा असतो आणि राव यांनी पहिला सेट गमावला होता. म्हणजे दुसरा सेट गेला असता तर सामना तिथेच संपला असता. हा सेट १०-८ असा सुटला, याचा अर्थ तो ६-६, ७-७ आणि ८-८ अशा तिन्ही बरोबरींमधून गेला. ८-८ नंतर साउथवेल यांनी सलग दोन गेम घेतले असते, तर लीला राव यांचे नाव आज कोणत्याही यादीत नसते. ते दोन गेम राव यांनी घेतले. त्यानंतर तिसऱ्या सेटमध्ये त्यांनी प्रतिस्पर्ध्याला फक्त दोन गेम दिले. पूर्ण सामना ३६ गेमचा झाला. त्यातले २० राव यांचे आणि १६ साउथवेल यांचे.

महिलांचे सामने नियमित पाहणाऱ्यांना हे वळण ओळखीचे वाटेल. लांबलेला दुसरा सेट हातून गेला की खेळाडू अनेकदा तिसऱ्या सेटमध्ये ढेपाळते. ६-२ हा आकडा तेच सांगतो.

लीला राव कोणत्या घरातून आल्या?

लीला राव यांचा जन्म १९ डिसेंबर १९११ चा. वडील डॉ. राघवेंद्र राव हे मुंबईतले नामवंत डॉक्टर आणि जंतुशास्त्रज्ञ. आई म्हणजे संस्कृत कवयित्री आणि कथाकार पंडिता क्षमा राव.

आईच्या वडिलांचे मूळ कोकणातले. शंकर पांडुरंग पंडित हे सावंतवाडी भागातून पुढे आलेले संस्कृत पंडित. तुकारामांच्या गाथेचे संपादन आणि सायणभाष्यासह अथर्ववेदाचे संपादन ही त्यांची मोठी कामे. ते पोरबंदर संस्थानचे प्रशासक होते. स्वामी विवेकानंद त्यांच्याकडे मुक्कामाला होते.

हे वैभव क्षमाबाईंच्या वाट्याला फारसे आले नाही. १८९० मध्ये जन्मलेल्या क्षमाबाई चार वर्षांच्याही नव्हत्या, तेव्हा वडील गेले. पुढे त्यांनी संस्कृत आत्मसात करून त्या भाषेत कथा, चरित्रे आणि काव्ये लिहिली. महात्मा गांधींच्या लढ्यावरचे त्यांचे ‘सत्याग्रहगीता’ हे संस्कृत काव्य १९३२ मध्ये पॅरिसहून प्रसिद्ध झाले. उरण तालुक्यातल्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला होता. त्या वर्षी देशभर पेटलेली सविनय कायदेभंगाची चळवळ हाच या काव्याचाही विषय.

याच क्षमाबाई टेनिसही उत्तम खेळत आणि स्पर्धांमध्ये बक्षिसे मिळवत. मुलीच्या हाती रॅकेट आली ती आईकडून.

भारतातील कारकीर्द कशी होती?

विम्बल्डनचा विजय अपघाताने मिळाला नव्हता. १९३१ ते १९४३ या काळात लीला राव यांनी अखिल भारतीय स्पर्धेत महिला एकेरीचे विजेतेपद सात वेळा मिळवले. १९३६ ते १९३८ अशी सलग तीन वर्षे हे विजेतेपद त्यांच्याकडेच होते. फ्रान्समधल्या स्पर्धेतही त्या खेळल्या. १९३५ मध्ये त्या पुन्हा विम्बल्डनला उतरल्या, पण तेव्हा पहिल्याच फेरीत बाहेर पडल्या.

त्या काळी मुंबईहून इंग्लंड गाठायचे म्हणजे बोटीने दोन-तीन आठवड्यांचा प्रवास होता. आजची खेळाडू एका महिन्यात तीन देशांत खेळून येते. तेव्हा युरोपातला एक मोसम खेळायचा तर निम्मे वर्ष त्यात जाई.

टेनिसनंतर त्यांनी काय केले?

१९४३ मध्ये लीला राव यांचा विवाह आयसीएस अधिकारी हरीश्वर दयाळ यांच्याशी झाला. दयाळ पुढे सिक्कीममध्ये भारताचे राजकीय अधिकारी होते. १९५० च्या भारत-सिक्कीम करारावर भारताच्या वतीने त्यांचीच सही आहे. नंतर ते नेपाळमध्ये राजदूत झाले. १९६४ मध्ये एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू भागात गेले असताना त्यांचे निधन झाले.

लीला राव-दयाळ यांनी या काळात लेखणी हाती घेतली होती. ‘नृत्त मंजरी’ हे त्यांचे पुस्तक १९४८ चे. भारतीय शास्त्रीय नृत्यातल्या हालचाली कागदावर कशा उतरवायच्या, हा त्याचा विषय. हातापायांची नेमकी जागा आणि तोल यांचा विचार कोर्टवर उभे आयुष्य घालवलेल्या व्यक्तीने करावा, यात नवल नाही.

त्यांचे दुसरे मोठे काम संस्कृत रंगभूमीचे. आईच्या अनेक कथांची त्यांनी नाटके केली. ‘बालविधवा’ हे त्यांपैकी एक. बालविवाह आणि विधवांचे हाल हे क्षमाबाईंच्या कथांतले प्रश्न त्यांनी संस्कृतमध्येच रंगमंचावर आणले. आजोबांनी तुकारामांची गाथा संपादित केली, आईने संस्कृतमध्ये तुकारामांचे चरित्र लिहिले आणि नातीने त्याचे नाटक केले. असे तीन पिढ्यांचे काम मराठी घरांतही विरळाच.

मग त्यांचा विसर का पडला?

याचे एक कारण म्हणजे त्यांच्यामागे उभे राहणारे कोणी नव्हते. लीला राव घडल्या त्या घरामुळे. डॉक्टर वडील, खेळणारी आई, जिमखान्याचे कोर्ट आणि युरोपचा प्रवास परवडण्याइतकी ऐपत. ज्या घरात हे नव्हते, तिथल्या मुलीसाठी रस्ता नव्हता. अशा विजयाचे कौतुक होते, परंपरा तयार होत नाही.

पुढची उदाहरणेही हेच दाखवतात. १९९८ मध्ये निरुपमा वैद्यनाथन यांनी ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य स्पर्धेत सामना जिंकला. त्यांना घडवले वडिलांनी. लीला राव यांच्या विजयानंतर ७१ वर्षांनी, २००५ मध्ये, सानिया मिर्झा यांनी विम्बल्डन एकेरीत जपानच्या अकिको मोरिगामी यांना हरवले. त्यांच्याही मागे आई-वडीलच होते. तीन वेगवेगळे काळ, तीन शहरे, पण शाळा एकच. ती म्हणजे घर.

म्हणून स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात पहिली भारतीय महिला कोण, हा प्रश्न वाचताना त्यापुढचा प्रश्नही विचारायला हवा. पहिलीनंतर दुसरी यायला इतका वेळ का लागतो? रायगडच्या एखाद्या गावात मोबाइलवर सामना पाहणाऱ्या मुलीला रॅकेट धरावीशी वाटली, तर आजही तिची पहिली अट तीच आहे. घरच्यांना ते परवडले पाहिजे.