शीळ घालणारा वकील

पावसाळ्यात कर्जतला लाईट गेली की हॉस्टेलवर दोनच आवाज उरतात. एक बेडकांचा, आणि दुसरा घाट चढायला मागून इंजिन लावून निघालेल्या गाडीच्या शिट्टीचा. अशाच एका रात्री सबमिशन अर्धवट टाकून आम्ही चौघं बसलो होतो. खालापूरच्या मित्राने मोबाईलवर त्याच्या आजोबांचं आवडतं गाणं लावलं. आधी खरखर, मग एक मोकळा पुरुषी आवाज. तीन मिनिटांत गाणं खलास! ‘शीळ’ हे त्याचं नाव आणि गायक जी. एन. जोशी. आम्हां चौघांपैकी एकालाही हे नाव माहीत नव्हतं, म्हणून हा लेख.

गोविंदराव जोशींचा जन्म १९०९ चा. शिक्षण बी.ए., एलएल.बी. म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने मुलगा मार्गी लागलेला. पण मन सगळं गाण्यात. (फायनल इयरवाल्यांना जास्त सांगायला नको.) ‘शीळ’ ही कविता मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची. गंमत म्हणजे तेही १९०९ चेच आणि तेही वकीलच! रानात घुमणारी सख्याची शीळ ऐकून कावरीबावरी झालेली एक खेडवळ मुलगी, एवढाच विषय, आणि भाषाही तिचीच. जोशींनी तिला स्वतः चाल लावली, स्वतःच गायली, आणि १९३२ साली एचएमव्हीने तिची रेकॉर्ड काढली. ही त्यांची पहिली रेकॉर्ड. मराठी भावगीताची पहिली ध्वनिमुद्रिका म्हणूनही हिचंच नाव घेतलं जातं. तोवर मराठी माणसाचं गाणं म्हणजे नाट्यगीत, ताना आणि वन्समोअर. इथे मात्र शब्द नीट ऐकू येत होते आणि ताना बेताच्या होत्या. लोकांनी ते गाणं उचलून धरलं.

आता थोडं इंजिनिअरिंग. ती तबकडी दहा इंची, लाखेची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी. एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपास जागा. मुद्रण व्हायचं मेणाच्या जाड चकतीवर. टेप नाही, एडिटिंग नाही. शेवटच्या ओळीत ठसका लागला तर ती चकती बाद आणि पुन्हा पहिल्यापासून. आपल्याला प्रॅक्टिकलला एक रीडिंग चुकलं तर शेजारच्याच्या जर्नलमध्ये बघता येतं, तिथे ती सोय नव्हती.

पुढे अजून रेकॉर्ड्स निघाल्या. गंगूबाई हनगल तेव्हा ‘गांधारी’ या नावाने गात, त्यांच्याबरोबरही जोशींचं एक द्वंद्वगीत निघालं. आणि मग १९३८ साली गोविंदरावांनी एचएमव्हीतच नोकरी धरली. काम काय, तर दुसऱ्यांची गाणी रेकॉर्ड करायची! मला आधी हे पटेना. ज्याच्या आवाजाने एक नवा प्रकार सुरू झाला त्याने काचेपलीकडे बसायचं? पण तासभर एकच राग आळवणाऱ्या मोठमोठ्या उस्तादांना तीन मिनिटांत गायला राजी करायचं, तर त्या मायक्रोफोनसमोर स्वतः उभा राहिलेला माणूसच हवा. कोणाचा रुसवा काढायचा, कोणाची लहर सांभाळायची, हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं केलं आणि ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात लिहूनही ठेवलं.

तोपर्यंत लाँगप्ले तबकडी आली होती. तीन मिनिटांचं बंधन सुटलं. नोकरीला जवळजवळ तीस वर्षं होत आली असताना, १९६७ साली, गोविंदरावांनी तीन तरुण वादकांना एकत्र आणलं. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. अल्बमचं नाव ‘कॉल ऑफ द व्हॅली’. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस, शब्दाविना. पार परदेशापर्यंत तो गाजला.

त्याची सुरुवात अहीरभैरवने होते. अहीर म्हणजे गवळी. पस्तीस वर्षांपूर्वी रानातल्या शिळेवर गाणारा माणूस पुन्हा रानातच परतला होता. हे त्यांनी ठरवून केलं की नाही देव जाणे, पण मला तरी त्या बासरीत तीच शीळ ऐकू येते.

गोविंदराव १९९४ साली गेले. त्या रात्री लाईट आल्यावर आम्ही ‘शीळ’ पुन्हा लावली. सबमिशन दुसऱ्या दिवशी दिलं, लेट रिमार्कसकट.