बटण केवढं असावं? पॉल फिट्स यांची गोष्ट

अ‍ॅपमधलं बटण केवढं ठेवायचं हा प्रश्न निघाला की पॉल फिट्स यांचं नाव येतंच. गंमत म्हणजे माऊस लोकांसमोर आला १९६८ मध्ये आणि फिट्स गेले १९६५ मध्येच.

अमेरिकेतल्या टेनेसीत १९१२ साली जन्मलेले फिट्स मानसशास्त्रज्ञ होते. महायुद्धानंतर हवाई दलासाठी त्यांनी वैमानिकांच्या ४६० चुका तपासल्या. चाकांचा आणि फ्लॅपचा दांडा सारखाच दिसायचा, तोही जवळजवळ. घाईत हात भलत्याच दांड्यावर जायचा. म्हणजे दोष वैमानिकाचा कमी आणि मांडणीचा जास्त!

मग १९५४ चा प्रसिद्ध प्रयोग. समोर धातूच्या दोन पट्ट्या, हातात लेखणीसारखी सळई, आणि आलटून पालटून दोन्हीकडे टोकायचं. पट्टी अरुंद झाली किंवा लांब गेली की वेळ वाढतो. पण अंतर आणि रुंदी दोन्ही दुप्पट केली, तर वेळ साधारण तेवढाच लागतो. १९७८ मध्ये झेरॉक्सच्या संशोधकांनी हाच नियम माऊसवर ताडून पाहिला, तिथेही तो लागू पडला. टूलकिटमध्ये आपण बटणाचं पॅडिंग वाढवतो, तेव्हा याच सूत्रातली रुंदी वाढवत असतो.

मला विचाराल तर, त्या ४६० चुका डिझायनरांनी आधी वाचाव्यात. ‘सेव्ह’ला खेटून ‘डिलीट’ अजूनही दिसतंच की!