पर्ल बक, त्यांची लेक आणि पीकेयू

‘द गुड अर्थ’ या कादंबरीच्या लेखिका पर्ल बक (१८९२–१९७३) यांना १९३८ मध्ये नोबेल मिळाले, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्यांची लेक कॅरॉल १९२० मध्ये चीनमध्ये जन्मली. बाळ निरोगी दिसत होते. पुढे मात्र बौद्धिक वाढ खुंटली. कारण होते पीकेयू. या आनुवंशिक आजारात प्रथिनांतील फिनाइलअ‍ॅलानिनचे नीट विघटन होत नाही. ते साठून मेंदूला इजा करते. आजाराचा शोध १९३४ मध्ये लागला, तोवर फार उशीर झाला होता. लेकीच्या देखभालीसाठी पर्ल लिहीत राहिल्या. १९५० मध्ये त्यांनी तिची कहाणीही उघडपणे मांडली.

आज बाळाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबांवरून निदान होते. लगेच सुरू केलेला विशेष आहार मेंदू वाचवतो. प्रसूतीनंतर नवजात तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.