वॉल्टर कॉफमन

पहाटे रेडिओ लावावा आणि कार्यक्रमास आरंभ होण्यापूर्वी तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिनची एक छोटी, किंचित उदास सुरावट कानी पडावी, हा अनुभव ताडकळसच्या आमच्या पालकवर्गास नवा नाही. आकाशवाणीची ही ओळखधून शिवरंजनी रागाच्या छायेतील आहे. परंतु तिचा कर्ता या देशाचा नव्हता, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

वॉल्टर कॉफमन यांचा जन्म १ एप्रिल १९०७ रोजी बोहेमियातील कार्ल्सबाद येथे एका यहुदी घराण्यात झाला. बर्लिनमध्ये फ्रान्झ श्रेकर यांजपाशी ते संगीतरचना शिकले. पुढे प्राग येथे डॉक्टर ही पदवी हाती येण्याच्या वेळी, आपले प्राध्यापक नाझी संघटनेचे पुढारी आहेत असे कळताच त्यांनी ती नाकारिली. जर्मनीत हिटलरचा अंमल सुरू झालेला होता. १९३४ साली कॉफमन मुंबईस आले.

येथील संगीताच्या तबकड्या त्यांनी प्रथम ऐकिल्या, तेव्हा त्यांस काहीच उमगले नाही. तथापि ज्या गायनावर लक्षावधी माणसे प्रेम करितात ते निरर्थक असणे शक्य नाही, उणीव आपल्याच कानांत आहे, असा त्यांनी निर्णय केला. आम्हांस त्यांच्या चरित्रातील हाच प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. रेव्हरंड टिळकांची भजने आणि विलायती चालींची उपासनागीते एकाच मंदिरात ऐकत वाढलेल्या आमच्यासारख्यांस त्याचे मोल विशेष कळते.

मुंबईत त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापिली. तीत व्हायोलिन वाजवीत ते मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहता यांचे वडील. १९३७ ते १९४६ पर्यंत कॉफमन मुंबई रेडिओ केंद्रावर संगीताधिकारी होते. ओळखधून १९३६ च्या सुमाराची. तीतील व्हायोलिनही मेहतांचेच, असे सांगतात.

युरोपात व्हायोलिन कॉन्चेर्टो नामक एक थोर रचनाप्रकार आहे. त्यात एकटा वादक पन्नास-साठ वाद्यांच्या मेळ्यासमोर उभा राहतो. कधी त्याच्याशी बोलतो, कधी झुंजतो, आणि मेळा खालचे स्वरसमूह एकसारखे पालटीत असतो. कॉफमन त्याच परंपरेत वाढलेले. तरीही या धुनेत व्हायोलिनखाली त्यांनी असा स्वरमेळ रचिला नाही. तंबोऱ्याचा अढळ षड्ज तेवढा ठेविला. शिकलेली विद्या अशी आवरून धरणे किती कठीण, हे पेटीवर बोटे फिरविणारा कोणताही विद्यार्थी सांगेल!

१९४६ साली त्यांनी मुंबई सोडिली. पुढे कॅनडात विनिपेग येथील वाद्यवृंदाचे ते संचालक झाले आणि १९५७ पासून अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात अध्यापन करू लागले. पहिली तबकडी ज्यांस कळली नव्हती, त्यांनी १९६८ साली उत्तर हिंदुस्थानी रागांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला व १९७६ साली दाक्षिणात्य रागांवर दुसरा. १९८४ साली ब्लूमिंग्टन येथे त्यांचे देहावसान झाले.