सरनोबत नेताजी पालकर

कर्जतहून पनवेलकडे जाताना खालापूर तालुक्यात चौक नावाचे गाव लागते. इरसाळगडाच्या परिसरातील हे गाव स्वराज्याचे सरनोबत नेताजी पालकर यांचे गाव मानले जाते.

त्या काळी दिल्लीच्या तख्तावर औरंगजेब बादशहा होता. हिंदुस्थानातील सर्व राज्ये आपल्या एकाच सिंहासनापुढे नमावीत, ही त्याची आकांक्षा होती. दक्षिणेतील विजापूर, गोवळकोंडा आणि शिवाजी महाराजांचे नवे स्वराज्य ही राज्ये त्याच्या डोळ्यांत सलत होती.

नेताजी हे स्वराज्याच्या घोडदळाचे सेनापती होते. इ. स. १६५९ मध्ये अफजलखानाच्या फौजेची दाणादाण उडविण्यात त्यांनी मोठा पराक्रम केला. लोक त्यांना प्रतिशिवाजी म्हणू लागले. परंतु इ. स. १६६६ च्या आरंभी पन्हाळ्यावरील हल्ल्याच्या वेळी ते वेळेवर पोहोचले नाहीत. हल्ला फसला व पुष्कळ माणसे कामी आली. महाराजांनी त्यांना सरनोबतीवरून दूर केले. नेताजी प्रथम विजापूरकरांना व नंतर मोगलांना जाऊन मिळाले.

त्याच वर्षी महाराज आग्र्याहून निसटले. तेव्हा बादशहाला नेताजींचा भरवसा वाटेना. त्याने त्यांना कैद करून उत्तरेत नेले. तेथे त्यांना धर्मांतर करावे लागले आणि त्यांचे नाव मुहंमद कुलीखान ठेवण्यात आले. पुढे त्यांना दूर काबूलकडे पाठविण्यात आले. पदरी मनसब होती. पण सह्याद्री दुरावला होता.

इकडे इ. स. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला. साऱ्या राज्यांवर एकच बादशहा असला पाहिजे, हा दिल्लीचा दावा मराठ्यांना मान्य नाही, हे त्या सोहळ्याने जगाला कळले. दोन वर्षांनी नेताजी मोगली फौजेबरोबर दक्षिणेत आले आणि संधी साधून महाराजांकडे परतले. महाराजांनी मागील अपराध पोटात घातला व त्यांना विधिपूर्वक स्वधर्मात घेतले.

पुढे औरंगजेबाने इ. स. १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा जिंकले. मराठ्यांशी मात्र तो अखेरपर्यंत झुंजत राहिला आणि इ. स. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मरण पावला. सर्व राज्यांचा एकमेव स्वामी होऊ पाहणाऱ्या त्या बादशहाला चौकच्या एका सरदाराचे मनही जिंकता आले नव्हते.