बोरघाट फोडणारा अभियंता

लोणावळ्याजवळ कुरवंडे गावापाशी इंद्रायणी नदी उगम पावते. तेथून ती मावळातून पूर्वेकडे वाहत देहूस येते व पुढे आळंदीस जाते. काठावरच्या या दोन क्षेत्रांमुळे ती साऱ्या महाराष्ट्राला पूज्य झाली आहे. पण ज्या डोंगरमाथ्यावर ती उगम पावते, त्याच्या पश्चिमेला अगदी निराळे दृश्य दिसते. तेथे सह्याद्री एकाएकी तुटतो आणि त्याचे काळेकभिन्न कडे कोकणात उतरतात. या कड्यांतून वर चढणारी वाट म्हणजे बोरघाट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेला तप्त रस थरावर थर साचून थिजला आणि त्यातून हा पाषाण बनला. असा हा डोंगर पोखरून त्यातून आगगाडी नेण्याचे काम ज्याने अंगावर घेतले, त्या अभियंत्याचे नाव जेम्स जॉन बर्कली.

बर्कलीचा जन्म २१ ऑक्टोबर १८१९ रोजी लंडनजवळील हॉलोवे येथे झाला. लंडनच्या किंग्ज कॉलेजात त्याचे शिक्षण झाले. त्या काळी अभियंता होऊ इच्छिणारा तरुण एखाद्या जाणत्या अभियंत्याच्या हाताखाली उमेदवारी करून विद्या मिळवीत असे. बर्कलीनेही तसेच केले. पुढे त्याला रॉबर्ट स्टीफन्सनसारखा गुरू लाभला. आगगाडीच्या इंजिनामुळे जगप्रसिद्ध झालेल्या जॉर्ज स्टीफन्सनचा हा मुलगा. लोहमार्ग, पूल, बोगदे या सर्व कामांत तो निष्णात होता. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे या कंपनीस मुंबईसाठी मुख्य अभियंता हवा होता, तेव्हा १८४९ मध्ये बर्कलीची निवड झाली. त्या वेळी तो अवघा तीस वर्षांचा होता.

१८५० च्या आरंभी तो मुंबईत आला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली. एकवीस मैलांचा तो प्रवास पाहण्यास लोकांची झुंबड उडाली. पुढच्याच वर्षी गाडी कल्याणास पोहोचली. सपाट कोकणातले हे काम तसे सोपे होते. खरी कसोटी पुढे होती. देशावरचा कापूस व धान्य मुंबईच्या बंदरात आणावयाचे, तर सह्याद्री ओलांडल्यावाचून गत्यंतर नव्हते.

इंजिनाला डोंगर चढविणे हे बैलगाडी चढविण्यासारखे नसते. गुळगुळीत रुळांवर लोखंडी चाके थोड्याशा चढावरही घसरू लागतात. म्हणून चढ सौम्य ठेवावा लागतो, आणि चढ सौम्य ठेवावयाचा म्हणजे मार्ग लांबवावा लागतो. बर्कलीने दऱ्याखोऱ्यांतून हिंडून, अनेक वाटा मोजून व नकाशे काढून अखेर एक मार्ग निश्चित केला. तो सुमारे सोळा मैल लांब होता. तेवढ्या अंतरात तो १,८३१ फूट वर चढत होता. त्याचा अधिकात अधिक चढ सदतीस फुटांस एक फूट होता. एका ठिकाणी तर गाडीला वळण घेण्यापुरतीही जागा नव्हती. तेथे गाडी पुढे एका बंद टोकापर्यंत न्यावी, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडावे आणि मग उलट दिशेने वर चढावे, अशी युक्ती त्याने योजिली. या मार्गावर आठ मोठे पूल बांधावयाचे होते आणि पंचवीस बोगदे पाडावयाचे होते. सर्व बोगद्यांची मिळून लांबी चार हजार यार्डांच्या जवळपास होती. बोरघाटात वाट दाखविणाऱ्या शिंगरोबा धनगराची कथा त्या परिसरात आजही सांगतात व घाटात त्याचे देऊळही आहे. रानावनांतल्या माणसांच्या माहितीवाचून असे डोंगर कोणालाही उलगडत नाहीत, हेच ती कथा सांगते.

जानेवारी १८५६ मध्ये काम सुरू झाले. त्या काळी कठीण खडकात भोक पाडणारे यंत्र घाटात नव्हते. सुतार लाकडाला भोक पाडताना गिरमिट फिरवितो. गिरमिटाची धार फिरता फिरता लाकडाचे तासे काढते. तेच गिरमिट काळ्या पाषाणावर फिरविले, तर पाषाणाऐवजी धारच झिजून जाते. म्हणून खडकाला कापावयाचे नाही, तर ठोकून चिरडावयाचे, हीच रीत होती. एक मजूर पोलादी टोकाची पहार दोन्ही हातांनी धरून बसे. दुसरा तिच्या डोक्यावर घणाचा घाव घाली. प्रत्येक घावानंतर धरणारा पहार किंचित फिरवी. ती फिरविली नाही, तर धार पुन्हा पुन्हा त्याच खाचेत पडे, पहार अडकून बसे आणि भोक गोल होत नसे. घाव आणि फेर यांची ही जोडी जमली, म्हणजे भोक हळूहळू खोल जाई. मधून मधून पाणी ओतून आतील दगडाचा भुगा बाहेर काढीत. पहारेची टोके घटकाघटकांनी बोथट होत. ती शेवटण्यासाठी लोहारांचे भाते सतत पेटलेले असत. पुरेसे भोक झाले, की त्यात दारू ठासून सुरुंग उडवीत आणि मग फुटलेला दगड पाट्यांनी बाहेर वाहून नेत.

बोगदा लांब असला, तर एरवी डोंगरावरून खाली विहिरी खणून मध्येही काम सुरू करता येते. येथे माथ्यावरचा डोंगर इतका उंच होता, की तो उपाय बहुधा चालत नसे. दोन्ही तोंडांकडूनच आत सरकावे लागे. काही ठिकाणी तर कड्यावर पाय ठेवावयासही जागा नव्हती. तेथे मजूर दोरांना लोंबकळत खडकावर घाव घालीत. दोन्हीकडून येणारी माणसे डोंगराच्या पोटात नेमकी एकमेकांसमोर यावीत, यासाठी बर्कलीच्या मोजणीत तसूचीही चूक चालण्यासारखी नव्हती.

पावसाळ्यात घाटात पाऊस कोसळे व काम जवळजवळ थांबे. पाऊस सरला, की मजूर परत येत. १८६१ च्या आरंभी त्यांची संख्या चाळीस हजारांच्या वर गेली होती. पुरुषांबरोबर स्त्रिया व मुलेही दगडमाती वाहत. पटकी आणि हिवताप यांनी त्यांच्या वस्त्यांत थैमान घातले. सुरुंगांनी व दरडींनीही बळी घेतले. या कामात हजारो माणसे दगावली. त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. १८५९ च्या आरंभी मजुरी थकल्यामुळे संतप्त झालेल्या मजुरांनी दंगा केला, त्याची चौकशी झाली, आणि त्याच वर्षी फेव्हिएल या पहिल्या कंत्राटदाराने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल भारतात येताच थोड्याच दिवसांत आजारी पडून मरण पावला. तेव्हा त्याची पत्नी अॅलिस ट्रेडवेल हिने धीर न सोडता कंत्राट स्वतःच्या अंगावर घेतले आणि दोन अनुभवी अभियंत्यांच्या साहाय्याने ते तडीस नेले.

इकडे १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा मार्ग सुरू झाला होता. खाली खोपोलीपर्यंत गाडी होती, वर खंडाळ्यापासून गाडी होती. मधला घाट मात्र रिकामा होता. मुंबईहून आळंदीस निघालेल्या यात्रेकरूला खोपोलीस उतरावे लागे, घाट पायी, तट्टावर किंवा डोलीत बसून चढावा लागे, आणि खंडाळ्यास पुन्हा गाडी धरावी लागे.

बर्कलीची एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. येथील माणसांना मोठी कामे जमणार नाहीत, असे त्या वेळी पुष्कळ इंग्रजांना वाटे. बर्कलीने तसे मानले नाही. जमशेटजी दोराबजी या पारशी कंत्राटदारावर त्याने विश्वास टाकला आणि जमशेटजींनी लोहमार्गाची कामे उत्तम रीतीने पुरी करून तो सार्थ ठरविला.

दहा-अकरा वर्षांचे ऊन, पाऊस व दगदग बर्कलीच्या शरीराला सोसली नाही. प्रकृती ढासळल्यामुळे त्याला मायदेशी परतावे लागले. २५ ऑगस्ट १८६२ रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तो मरण पावला. त्यानंतर आठ महिन्यांनी, २१ एप्रिल १८६३ रोजी, गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या उपस्थितीत बोरघाटाचा मार्ग खुला झाला. ज्याने त्याची प्रत्येक वळणवाट मनात रेखाटली होती, त्याला त्यावरून धावणारी गाडी पाहता आली नाही.

बोरघाटात मजूर घण घालीत होते, त्याच वेळी युरोपात आल्प्स पर्वतातून एक मोठा बोगदा खोदला जात होता. तेथे सोमेये या अभियंत्याने १८६१ पासून दाबलेल्या हवेने चालणारी यंत्रे वापरली. घाव घालावयाचा आणि प्रत्येक घावानंतर पाते किंचित फिरवावयाचे, हे मजुराच्या हातचे काम आता यंत्र करू लागले. पुढे १९०९ मध्ये अमेरिकेत हॉवर्ड ह्यूज याने निराळीच युक्ती शोधली. त्याने दात असलेले दोन शंकू पात्याच्या टोकाला बसविले. पाते फिरू लागले, की ते शंकूही खडकावर गरगर लोळत आणि आपल्या दातांनी त्याचा चुरा करीत. गिरमिटाचा फेर आणि घणाचा दाब असे एकत्र आले, आणि कठीण खडकातही फिरते हत्यार चालू लागले. आज पुण्यामुंबईच्या भूमीखाली मेट्रोचे बोगदे पाडणाऱ्या प्रचंड यंत्रांच्या तोंडावरही पोलादी चकत्या अशाच खडकावर दाबून फिरविल्या जातात.

बर्कलीच्या स्मरणार्थ मुंबई विद्यापीठात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यासाठी एक पारितोषिक ठेवण्यात आले. १८८३ मध्ये पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील एका तरुणाने ते पटकावले. त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुढे भारताचे थोर अभियंते म्हणून ते कीर्ती पावले. बर्कलीने आरंभिलेली विद्या अशा रीतीने या देशातील मुलांच्या हाती आली आणि येथेच वाढली.

बोरघाटाच्या मार्गात नंतर पुष्कळ फेरबदल झाले. तरीही घाटातून जाताना गाडी बोगद्यात शिरते, क्षणभर अंधार होतो आणि मग एकदम दरीचा प्रकाश डोळ्यांवर येतो. त्या अंधाराच्या प्रत्येक हातामागे एका अभियंत्याची बुद्धी आहे, आणि पहार धरून बसलेल्या हजारो अनामिकांचे कष्ट आहेत. दोघांचेही स्मरण आपण कृतज्ञतेने ठेविले पाहिजे.